बायांना बैठकी माफ

ती. ईश्वरदासदादास,

पुष्पांजलीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे आणि वहिनींची साखर उतरली का, ते कळव. इकडे धान लोंबीवर आलं आहे, घरची सगळी बरी आहेत आणि ग्रामपंचायतीची मेंबर झाल्याचा मला रोज पश्चात्ताप होतो आहे.

गेल्या दिवाळीत तू म्हणाला होतास की चांगला कर तो, जो चुकवण्यासाठी लोक आपलं वागणं बदलत नाहीत. (हे तू नागपूरच्या कॉलेजात शिकवतोस. तिथल्या मुलांची दुकानं नाहीत.) मी ते मनावर घेतलं. आपल्या मंगळवारच्या बाजारात बायांसाठी संडास नाही. भाजीवाली रुख्माबाई सकाळी सहाला निघते आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. का, ते तुला सांगायला नको. संडासासाठी पैसा हवा, म्हणून बैठकी, म्हणजे बाजारात बसण्याचे पैसे, वाढवायची ठरली. पण रुख्माबाईच्या दहा जुड्या आणि भैय्यालालची गाडीभर भांडी, दोघांना सारखेच वीस रुपये, हे माझ्या जिवाला लागलं. मी सुचवलं, दुकानाचं तोंड जितके हात तितके पैसे. पुढच्या मंगळवारी सगळ्या दुकानांची तोंडं दोन हातांची झाली आणि पोटं मागे वीस हात गेली. लोक कांदे बघायला रांगेने आत जायचे आणि वळायला जागा नाही म्हणून उलट्या पावलांनी बाहेर यायचे.

मग मी आणखी विचार केला, आणि तिथेच चुकलं. ठराव मांडला की पुन्हा वीस रुपयेच, पण विकणारी बाई असेल तर बैठकी माफ. पुरुष मेंबरांनीही टाळ्या वाजवल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पहिला मंगळवार बरा गेला. दुसऱ्या मंगळवारी बाजारात पुरुष दुकानदार उरले दोन. भैय्यालालची बायको चंदा गंज-पातेल्यांच्या ढिगाजवळ बसलेली, तो तिच्या पाठीमागून भाव सांगतो आहे. पैसे मागितले तर म्हणतो, "दुकान तिची आहे मेंबरबाई, मी तं नौकर आहो." चंदा लगेच म्हणाली, "मंग जाय, पानी आन."

बैठकी जमली चाळीस रुपये. संडासाची गरज असलेल्या बाया होत्या अकरा, त्या झाल्या साठ. नव्या आलेल्यांनी सकाळीच येऊन सावलीच्या जागा धरल्या, आणि रुख्माबाई नालीच्या कडेला उन्हात. म्हणाली, "सबन बाजारच बाई झाला. मी कोठी बसू?" मी नको असताना अंबाडीच्या चार जुड्या घेतल्या. दादा, जिच्यासाठी सूट काढली तिलाच ती सर्वांत महाग पडली.

तुझी,
पुष्पांजली

ता. क. खरं काम हे. गुरुवारी मासिक सभा आहे. तुझ्या सहीने चार ओळी पाठव की असली माफी अर्थशास्त्राला धरून नाही, सरसकट वीस रुपये घ्यावेत. माझं आता कोणी ऐकत नाही. रुख्माबाईचे वीस मी भरत जाईन.

ता. क. २. बायको पुढे बसवायची युक्ती कोणाची, हे त्यात लिहू नकोस. ती तुझ्या भाऊजींची, म्हणजे आमच्या घरच्यांचीच. पहिल्या मंगळवारी कंबर धरली म्हणाले, घटकाभर आपल्या बियाण्याच्या दुकानावर बस. मी दिवसभर बसले, सगळ्या बाजारादेखत. वसुलीवाला बिसराम आला, मला पाहून मान झुकवली आणि पुढे गेला. मी त्याला थांबवलं नाही.