आप्पांच्या खोलीची भिंत

सोमवार, ३ मार्च

हा हिरवा? शेवाळ बरं! आमच्या माहेरच्या जुन्या घराची भिंत अशी नव्हतीच. रंगाऱ्याला तिसऱ्यांदा खरडायला लावली. डबा ढवळत विचारतो, "बाई, तो रंग शेवटचा पाहिला कधी?" म्हटलं, "लग्नाआधी." हसला मेला! मिशीलाही रंग.

गुरुवारी वडील येणार. आई गेली, आप्पा तिकडे एकटे. नवरा गेल्यापासून मी इकडे एकटी. दोन चुली कशाला? पण खोली जुन्या घरासारखी वाटली नाही, तर आठ दिवसांत पिशवी उचलतील. ओळखून आहे मी.

ताई फोनवर म्हणते, "भिंत पिवळी होती गं." डोळे फुटलेत हिचे!

मंगळवार, ४ मार्च

जमला! वाळल्यावर थेट तोच हिरवा. खिडकीखाली बाकडं, हाताशी खुंटी. माझी शिलाई मशीन मागच्या खोलीत ढकलली. म्हाताऱ्या माणसाला शांतता नको?

गुरुवार, ६ मार्च

आले. भिंतीवरून हात फिरवला. "हं." बस्स! एवढा जीव टाकला, आणि "हं"!

शनिवार, ८ मार्च

आल्यापासून दुपारी डोळ्याला डोळा नाही. "पाहुण्यासारखं वाटतं," म्हणे. डोकंच फिरलं माझं. "राहायचं की जायचं ते पुढच्या रविवारपर्यंत सांगा. माझा जीव टांगणीला लावू नका!"

रंगारी आला होता. कोपऱ्यात पोपडा धरलाय म्हणे. मला काही दिसला नाही.

मंगळवार, ११ मार्च

मी गाढवीण!

मागच्या खोलीतला पंखा बंद पडला, म्हणून मशीन आप्पांच्या दाराशी आणली. एक बाजू रंगाऱ्यानं धरली — आज चौकटीला हात मारायला आलेला. पडद्याची एक शिवण घातली नाही तोच आतून घोरणं! जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. आम्ही पोरीसुद्धा त्या खडखडाटातच झोपायचो. मशीनच्या तेलाचा वास, कोऱ्या कापडाचा वास — घर म्हणजे तेच तर होतं. आणि मी बया रंग खरडत बसले!

उठल्या उठल्या बोलले, "पट्टा सैल झालाय तुझ्या मशीनचा. झोपेतसुद्धा कळतं." मी खुदकन हसले. वेंधळी मीच!

मुद्दाम विचारलं, भिंत कसली होती हो? "होती काहीतरी. मी कापडाकडे बघायचो."

शुक्रवार, १४ मार्च

रंगारी पुन्हा हजर. आता खिडकीची कड म्हणे. माझ्या सुईत दोरा ओवून दिला, आप्पांशी कुजबुजत बसला, चहा प्याला, गेला. ब्रश पिशवीतून काढलासुद्धा नाही.

रविवार, १६ मार्च

सकाळीच धरलं. "आप्पा, झाला रविवार. बोला!"

"राहतो."

मी वळले, तर म्हणतात, "थांब. रंगाऱ्यानं तुला मागणी घातलीय. तोही एकटाच आहे. होय की नाही, पुढच्या रविवारपर्यंत सांग. बिचाऱ्याचा जीव टांगणीला लावू नकोस."