पाणी स्वच्छ आहे

३ मार्च, सोमवार
पोलीस मेला! सकाळी चहा ठेवायला उठले तर माशांच्या टाकीच्या तळाशी आडवा. अंगावरचे काळे-पांढरे पट्टे तसेच. जखम नाही, डाग नाही. काल संध्याकाळी तर बाकीच्या चौघांच्या तोंडचं हिसकावून खात होता.
नवरा म्हणाला, "म्हातारा झाला असेल." दोन वर्षांत?
बाबांना सांगितलं. "अरेरे" एवढंच म्हणाले. पेपर घडी घालून ठेवून दिला.

४ मार्च
पाणी तपासलं. अमोनिया शून्य, क्षार बरोबर, तापमान बरोबर. दिवसभर अख्ख्या शहराचं पाणी तपासते मी, पोटापाण्याचा धंदाच तो! आणि घरातल्या दोनशे लिटरचं काही कळेना.

६ मार्च
पिवळाही गेला.

७ मार्च, शुक्रवार
काल रात्रीच्या जेवणाआधी अर्धं पाणी बदललं, पंप उघडून धुतला. आज नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला आणि दुपारच्या सुट्टीत मशीनला लावला. तांबं, शिसं, सगळं बघितलं. काही नाही!
साहेब मागे येऊन उभे. "कुठल्या भागातलं पाणी?"
"माझ्या हॉलमधलं."
हसले. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.
मासे ज्याच्याकडून आणले त्या दुकानदाराला फोन केला. घरात फवारणी केली? रंग लावला? नवीन काही आणलं? नाही, नाही, नाही. "मग काय सांगू ताई? समुद्रातला जीव आहे, होतं असं कधीकधी." हे काय उत्तर झालं!

९ मार्च, रविवार
नारिंगी जोडीतला मोठा गेला. धाकटा त्याच कोपऱ्यात गोल गोल फिरतोय. बघवत नाही.
मला माशांपेक्षा बाबांची काळजी वाटते. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, मग बोटं आखडली, सुई धरवेना. दुकान बंद करून आमच्याकडे आले तेव्हा दोन महिने नुसते भिंतीकडे बघत बसायचे. ही टाकी मी त्यासाठीच आणली. तेव्हापासून त्यांची खुर्ची तिथेच.
आज जेवताना म्हणाले, "आपलंच काही चुकतंय का गं?"
मी खेकसलेच. "तुमचं काय चुकणार? तुम्ही नुसते बघता!"
बाबा ताटातलं तसंच टाकून उठले. का ओरडले मी?

१० मार्च
आज कोणी मेलं नाही.

१२ मार्च
छोटा निळा गेला. चमच्याएवढा जीव. खाली कुंडीत पुरला. नवरा म्हणतो, टाकी विकून टाकू. शेवटचा नारिंगी काचेपाशी येऊन थांबतो, तोंड उघडतो, मिटतो. त्याला काय सांगू? पाणी स्वच्छ आहे बाबा, तू मरू नकोस?

१३ मार्च, गुरुवार
डोकं ठणकत होतं म्हणून दुपारीच घरी आले. बाबा टाकीपाशी उभे, बाही कोपराच्या वर, हात पाण्यात. नारिंगी त्यांच्या बोटांमधून ये-जा करत होता. हॉलभर मलमाचा उग्र वास.
बाबा दचकले. "रागावू नकोस. तू नको म्हणाली होतीस हात घालायला, माहितीये. पण आठवडाभर घाबरलेत गं ते. मी पहिल्यापासून रोज दुपारी जरा हात देतो, आता कसा थांबू?"
"आणि हे मलम?"
"डॉक्टरांनी नवीन दिलंय ना गेल्या महिन्याच्या शेवटी. आधी चोळतो, म्हणजे बोटं उघडतात. नाहीतर मुठीत कसा येणार तो?"
त्यांचा हात हळूच बाहेर काढला. माझ्या ओढणीने पुसला, एकेक बोट. काही सांगितलं नाही. सांगणारही नाही.