बेनी जेवेना

ओजिया, २० एप्रिल

ती. तोकुजीदादास,
फुसाएचा कृ. शि. सा. न. वि. वि.

बर्फ आता फक्त घराच्या उत्तरेच्या भिंतीशी उरलं आहे. ज्या छपरावरचं बर्फ लोटताना तू घसरून खुबा मोडून घेतलास, ते छप्पर आता साळसूदासारखं उन्हात वाळतं आहे. परवा येऊन घर उघडलं, तळ्यावरच्या फळ्या काढल्या. नऊच्या नऊ कोई मासे सुखरूप आहेत. आठ जण दाणे पडायच्या आत तोंडं वर काढतात. बेनी मात्र दगडी पुलाखालून हलत नाही. एकतीस वर्षांची म्हातारी, त्यातून कियोवहिनीची लाडकी. ती नणंदेला कशाला जुमानते आहे.

तू सांगितल्याप्रमाणे टाळ्या वाजवते. तळवे लाल झाले. शेजारच्या इगाराशीबाईंनी कुंपणावरून विचारलं, की एवढा कसला नवस बोलला आहात.

बांबूच्या पानात गुंडाळलेले तांदळाचे गोड सासादांगो पाठवते आहे. नाओकोलाही दे, बाप म्हणून सगळे फस्त करू नकोस.

तुझा लोभ आहेच. बेनीचाही जडावा एवढी इच्छा.
तुझी फुसाए


योकोहामा, २५ एप्रिल

चि. फुसाएस,
अ. उ. आ.

पाण्यातला थर्मामीटर बघितलास का? पंधरा अंशांखाली दाणे घालणं म्हणजे त्यांच्या पोटात विटा भरणं. त्या आठ हावरटांचेही लाड पुरे. पाणी तापलं की तळ्याकाठी गुडघे टेकून बस, सावली पाण्यावर पडू देऊ नकोस आणि देवळात वाजवतो तशा दोनच टाळ्या वाजव. तू लहानपणापासून कावळे हाकलल्यासारख्या टाळ्या वाजवतेस.

मी काठी घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. नाओकोने तिच्या घरी मला खोली रिकामी करून ठेवली आहे. तिथल्या खिडकीतून म्हणे उभ्या केलेल्या गाड्याच दिसतात. पोर मनाने चांगली आहे, ओजियाचं घर बंद करा म्हणते, तेही काळजीपोटी.

म्हणून ठरवून टाकलं आहे. पंधरा मेपर्यंत बेनीने खाल्लं नाही, तर मत्स्यशेतीवाल्या कात्सुमाताला फोन कर आणि नऊही मासे घेऊन जा म्हणावं. मी इथेच राहीन. बेनीच नसेल तर त्या तळ्याशी एकटा बसून काय करू?

प्रकृतीस जप. दाणे मोजून घाल.
तुझा दादा


ओजिया, ९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाणी सतरा अंश झालं. गुडघे टेकले, सावली आवरली, दोनच टाळ्या वाजवल्या. बेनी ढिम्म. काल कात्सुमातांचा नंबर कागदावर लिहून फोनशेजारी ठेवला आणि मला रडू आलं.

आज सकाळी गाळणीतला गाळ काढताना माझे रबरी बूट आतून भिजले. ओसरीखाली बादलीमागे वहिनीच्या लाल पट्ट्याच्या खडावा सापडल्या, त्या घालून गाळ टाकायला निघाले. हातात दाणा नव्हता. चार पावलं टाकली असतील, तोच बेनी पुलाखालून बाहेर आली आणि काठाकाठाने माझ्याबरोबर चालू लागली. मी थांबले की ती थांबे. धावत दाणे आणले. तिने अकरा खाल्ले आणि वर माझी बोटंही चोखली.

आता एक गोष्ट. वहिनीचं पाऊल माझ्याएवढं, इवलंसं. ती जाऊन चार वर्षं झाली. पण या खडावांची मागची कड कोणाच्या तरी मोठ्या टाचांनी झिजली आहे आणि पट्टा सैल करून निळ्या दोरीने बांधला आहे. मी काही विचारत नाही, नुसतं सांगते आहे.

तुझी चौकस बहीण,
फुसाए


योकोहामा, १२ मे

चि. फुसाएस,
अ. उ. आ.

टाचा माझ्याच. कियो गेल्यावर बेनीने सतरा दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं. टाळ्यांना ती कधीच आली नाही. मग एकदा खडावा घातल्या. इगाराशीबाई उठायच्या आत रोज घालून जात होतो. सत्तरीचा बाप्या बायकोच्या खडावा घालतो, हे लिहायची लाज वाटली, म्हणून तुला टाळ्यांचं शास्त्र शिकवत बसलो. माझ्या लाजेपायी म्हातारी उपाशी राहिली. तिची आणि तुझी माफी मागतो.

खडावांचा तो आवाज मलाही ऐकायचा असे, फुसाए. कियोची फार आठवण येते.

नाओकोला आज सगळं सांगितलं, घरी जातो म्हणालो. तिने पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं. पण व्यायाम करून घेणारी बाई म्हणते, वर्षभर खडावा पायात घालायच्या नाहीत. आता बेनीला काय सांगू?

काळजीत,
तुझा दादा


ओजिया, १५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनशेजारचा कागद चुलीत घातला. मी पावसाळा संपेपर्यंत इथेच आहे. तुझ्या हातचं जेवण बेनीला चालत असेल, माणसांना चालत नाही.

खडावांचं म्हणशील, तर पायात नकोत, हातात घे. ओसरीच्या पायरीवर बसून त्या दगडावर चालल्यासारख्या आपट. काल मी करून पाहिलं. इगाराशीबाई बघत होत्या, बघू देत. बेनी लगेच आली.

दाणे खाल्ले. तरी गेली नाही, माझ्या पाठीमागे दाराकडे बघत राहिली. मी वळून पाहिलं, दारात कोणी नव्हतं.

शुक्रवारची गाडी चुकवू नकोस. बाकी लोभ वगैरे समक्ष.
तुझी फुसाए