एका सहीचं काम

३ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांचं घरही गेलं. बेटावरचं आठवं. घेणारा तोच – पलीकडच्या शहरातला कुणी धनाढ्य, ज्याला आमच्यापैकी कुणी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याला इथे हॉटेल काढायचंय म्हणे. दर मंगळवारच्या बोटीने त्याचा माणूस येतो. पांढरे बूट, काखेत फाइल, बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. आम्ही त्याला साखऱ्या म्हणतो. तोंडावर अर्थातच साहेब.

विकलेल्या घरांना कुलपं. भाड्यानेही देत नाहीत. लेक-जावई दोन खोल्या शोधून शोधून थकले आणि गेल्या वर्षी पलीकडे राहायला गेले. जाताना लेक म्हणाली, ‘रडू नकोस गं आई, अर्ध्या तासाचं तर पाणी आहे मध्ये.’ रडले नाही. पाण्याला शिव्या घातल्या.

आता साखऱ्याला हवी आहे धक्क्यालगतची जागा. आत्याची – बाबांच्या थोरल्या बहिणीची. माझी होड्या दुरुस्त करायची शेड तिथेच आहे, आणि बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस त्याच जागेतून गावात येतो. ती गेली की स्वतःच्या घरी जायला आम्हाला परक्याची परवानगी!

आज पाऊण तास बसला होता आत्याच्या ओट्यावर. मी मुद्दाम हातोडा जोरात चालवला.

४ फेब्रुवारी

आत्याला विचारलं, काय सांगितलंस त्याला? – ‘विचार करते म्हणाले.’ आणि तांदूळ निवडायला बसली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

साखऱ्याने आत्यासाठी गादीची खुर्ची आणली. आत्याने खुर्ची ठेवून घेतली आणि त्याला माळ्यावरचे डबे काढायला चढवलं. ‘तू उंच आहेस रे बाबा.’ खाली उतरला तेव्हा पांढरे बूट राखाडी झाले होते.

‘मग आत्या, झाला का विचार?’

‘अर्धा झाला.’

शेडमध्ये मी तोंडात पदर कोंबून हसले.

११ फेब्रुवारी

ह्यांना कालची गंमत सांगितली. हे बोट चालवतात, साखऱ्याला ने-आण करणारे हेच. हसले नाहीत. म्हणाले, ‘जपून. म्हातारं माणूस, मन कधी फिरेल सांगता येत नाही.’ मी फाडकन बोलले त्यांना.

खरं तर मलाही तीच धास्ती आहे. आत्या एकोणऐंशीची. गुडघे गेलेले. लग्न केलं नाही, मागे-पुढे कुणी नाही. त्याने सांगितलेला आकडा ऐकून माझासुद्धा हातोडा हवेत थांबला होता. तिने विकलीच जागा, तर बोल लावणारी मी कोण? तीस वर्षं तिच्याच जागेवर फुकट ठाण मांडून बसलेली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज काम थांबवून कान देऊन ऐकलं. साखऱ्याचा गोडवा थोडा आटला होता.

‘आत्या, किती घोळ घालता? एका सहीचं तर काम आहे.’

आत्या म्हणाली, ‘एकच सही?’

‘एकच. तुमची.’

‘अरे, मग हे फारच सोपं आहे की.’

संपलं सगळं, असं वाटलं मला. आत्याने त्याला दुसऱ्यांदा चहा पाजला. दुसरा कप ती सख्ख्या भावालाही देत नसे.

१८ फेब्रुवारी

सकाळीच गेले आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. शेडचं, लेकीचं, कुलपांचं. आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘जमिनीच्या एका तुकड्याला किती मालक चालतात गं?’

‘कितीही. का?’

‘एकट्या म्हातारीला गाठायला एक मंगळवार पुरतो. मालक इतके हवेत, की त्याच्या बुटांचे तळवे झिजले पाहिजेत. बेटावर मोठी माणसं किती?’

मी बोटांवर मोजली. तिला सोडून सत्त्याऐंशी.

‘सगळ्यांची नावं जागेला लाव.’

‘आत्या, ह्या सत्त्याऐंशींचं कशावर एकमत झालंय आजवर? धक्क्यावरच्या बाकाला रंग कुठला द्यायचा ह्यावर चार वर्षं भांडताहेत. बाक अजून बिनरंगाचा!’

‘तेच तर,’ आत्या म्हणाली.

हसता हसता मी जमिनीवर बसले. मग राहवलं नाही, विचारलंच – मला एकटीला का नाही देत? ती म्हणाली, ‘दिली असती. मग तो तुझ्या ओट्यावर येऊन बसला असता. तुझी पोर घरासाठी तडफडतेय. किती मंगळवार टिकली असतीस?’

फार नाही. तिला माहीत होतं, मलाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

फळ्या ओढायच्या हातगाडीवर आत्याला बसवून घरोघर फिरले. गादीच्या खुर्चीसकट! कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. खोडा घातला न्हाव्याने. दुकानदाराशी त्याचं कुंपणावरून अकरा वर्षं वाकडं. ‘त्याचं नाव असलेल्या कागदावर माझं नको.’

आत्या म्हणाली, ‘बरं. मग जागेचा मालक तो, तू नाहीस.’

न्हाव्याने तिथल्या तिथे नाव दिलं. पुढे दुकानदाराच्या दारात आत्याने हेच वाक्य पुन्हा वापरलं. तेवढंच लागू पडलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आत्या साखऱ्याला म्हणाली, ‘येत्या सोमवारी पलीकडे येतेय. कचेरीत, जागेच्या कामाला.’ त्याचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

२ मार्च, सोमवार

सगळ्यांना बोटीत चढवून-उतरवून हात दुखतोय, तरी आजचं लिहायलाच हवं.

ह्यांनी बोटीच्या तीन फेऱ्या केल्या. कचेरीबाहेर आमची रांग बघून कारकुनाने विचारलं, ‘लग्न आहे का कुणाचं?’ सगळे धुतलेल्या कपड्यांत, तेल लावून, भांग पाडून. रांगेत न्हावी आणि दुकानदार नेमके मागे-पुढे आले. न्हाव्याचं पेन चालेना. दुकानदाराने आपलं पेन पुढे धरलं, भिंतीकडे बघत. न्हाव्याने घेतलं, छताकडे बघत. अकरा वर्षांनी एवढं झालं.

आत्याला बसून सही करा म्हणाले. ती उभीच राहिली. कारकून म्हणाला, ‘आजी, सगळं वाटून टाकलंत. तुम्हाला काय उरलं?’

‘मी आहे ना त्यातली अठ्ठ्याऐंशीवी.’

लेक आली होती. भिंतीशी उभी राहून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होती. नावं फक्त बेटावर राहणाऱ्यांची, तिचं नव्हतं. माझी सही झाल्यावर तिच्याकडे बघवेना. तिनेच येऊन माझ्या बोटाची शाई पदराने पुसली.

परतताना बोटीत इतका गोंगाट की इंजिन ऐकू येईना. बाकाच्या रंगावरून पुन्हा भांडण पेटलं होतं.

३ मार्च, मंगळवार

साखऱ्या उत्साहाने आला. आत्याने कागद त्याच्या हातात दिला. पहिलं पान वाचलं, दुसरं, तिसरं. ओट्यावर मटकन बसला.

‘ह्या सगळ्यांच्या सह्या लागणार?’

‘विचारून बघ. न्हाव्यापासून सुरू कर.’

मला वाटलं आता भडकणार. पण तो हसायला लागला – खराखुरा, पोट धरून. त्याला असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. ‘आत्या, साहेबांना काय सांगू आता?’

‘सांग, म्हातारी अजून विचार करतेय. सत्त्याऐंशी जणांबरोबर.’

आत्याने दुसरा चहा ओतला. ह्या वेळी मी काही धास्तावले नाही. मीही एक कप घेतला.

१० मार्च, मंगळवार

साखऱ्या आला नाही. चुकल्यासारखं झालं. आत्या दोनदा धक्क्याकडे बघून आली.

२ एप्रिल

साखऱ्याचा फोन. धक्क्यावरून रस्ता नाही म्हटल्यावर साहेबांनी हॉटेलचा नाद सोडला. आठही घरं कुजवण्यापेक्षा भाड्याने देणार. बारा महिने राहणारी माणसं हवीत. ‘तुमच्या माहितीत आहे का कुणी?’

लगेच लेकीला फोन लावला. माझं सांगून होतंय तोच पलीकडे काहीतरी खडखडलं. फोन कटला वाटलं. मग ऐकू आलं, ती जावयाला सांगत होती – ‘अहो, खोकी मिळतील का कुठे? मोठी.’