झाकणावरचं माझं अक्षर

३ मार्च

प्रिय घाईबाई,

तुझं पत्र पोचलं. नवी खोली उजेडाची आहे हे वाचून बरं वाटलं. मी ठीक. बाबा हल्ली स्वतःचा चहा स्वतः करतात, साखर तेवढी विसरतात. आपल्या प्रयोगशाळेतला फ्रिज अजून कुरकुरतो. शिफारसपत्राचं विचारलंस, त्याकडे शेवटी येते.

सरांनी माझा विषय बंद केला, तरी मन मानेना. मागच्या आठवड्यात गोठवलेल्या पेशींची उरलेली कुपी काढली. तीच गं, बाळाच्या नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराची. एका डिशमध्ये दाह घडवला, दुसरी तशीच ठेवली, मग दोन्हींत रक्ताची गुठळी सोडली. दाहाने चिडलेल्या पेशी गुठळी विरघळू न देणारं द्रव्य भरमसाट सोडतात, हेच मी घसा फोडून सांगत होते. तिथली गुठळी हलली नाही. दुसरीतली विरघळून गेली.

मग आई गेल्यानंतर केलेल्या त्या पहिल्या प्रयोगात दोन्ही डिशमध्ये गुठळ्या कशा राहिल्या? सगळ्यांसमोर मी तोंडघशी का पडले?

तेव्हाचे फोटो पुन्हा पाहिले. ताज्या पेशी लहान असतात, एकमेकींना खेटून बसतात. फोटोतल्या पसरट, थोराड होत्या. अशा म्हाताऱ्या पेशी दाहाशिवायही गुठळी धरून ठेवतात. आणि तशा फक्त तुझ्याकडे होत्या. "ताई, निर्धास्त जा, तुझ्या पेशींचं जेवणखाण मी बघते," म्हणालीस आणि विसरलीस. माझ्या पेशी उपाशी मेल्या, तेव्हा तुझ्या डिश त्यांच्या जागी ठेवल्यास, झाकणावर माझं अक्षर गिरवलंस.

विसरणं मी पोटात घातलं असतं. पण मी कुठे गेले होते, ते तुला ठाऊक होतं. आईला न्युमोनिया झाला होता, फुप्फुसात गुठळी अडकली होती. ती गेल्यावर तू घरी आलीस, माझा हात धरून बसलीस. मी वेडीने विचारलं, पेशी कशा आहेत? "छान आहेत गं ताई, तुझी वाट बघतायत." त्या एका वाक्याच्या आधारावर मी उठून कामाला लागले. आईची गुठळी का विरघळली नाही, निदान तेवढं तरी कळेल म्हणून. केसाने गळा कापलास माझा.

सरांना सगळं सांगितलंय. शिफारसपत्र सोबत आहे. तुझा हात हलका आहे, नजर तीक्ष्ण आहे, खरं ते सगळं लिहिलंय. 'विश्वासू' हा शब्द त्यात शोधू नकोस.

आणि यापुढे मला ताई म्हणू नकोस.

तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ती