संशोधनवादी बकरी

१२ फेब्रुवारी
माझा चहा वाया गेला! हिरालाल दारात आला, मी भांडं चढवलं, तं आमचा बुढा खाटेवरूनच कावला — "संशोधनवाद्याले या घरात चहा नाही!" काठी टेकत आलेला हिरालाल, म्हातारा माणूस. उभ्यानंच मले म्हणाला, "वहिनी, पोरगा मले रविवारी नागपूरले घेऊन जाऊन राहिला. आता परत येनं नाही. यादोरावले सांगजा." सांगजा काय! यादोराव म्हणजे आमचा बुढाच, हातभर दूर, भिंतीकडं तोंड करून.

१३ फेब्रुवारी
ही शिवी बिडीच्या संपातली. माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. हे दोघं लाल झेंड्याचे, एका ताटात जेवणारे. मालक चांगल्या बिड्याही छाटात, म्हणजे खराब म्हणून, काढे अन् फुकटात ठेवून घे. हिरालाल सभेत म्हणाला, "मालकाशी बोलू, छाट कमी करून घेऊ. क्रांती येतवरी लेकरं काय खातीन?" आमचा बुढा सगळ्यांसमोर ओरडला — संशोधनवादी! झालं. तेव्हापासून बोलणं बंद. आमी बाया काय समजणार? वाईट शब्द आहे, एवढंच समजलं. लाखोरीच्या पिकात शिरणाऱ्या बकरीलेही मी तेच म्हणते.

आज नातीले अर्थ विचारला. रक्षा भंडाऱ्याले कॉलेजात आहे. बकरीचं ऐकून लोळून हसली. मंग म्हणाली, "आजी, जुना विचार पुन्हा तपासून त्यात फेरफार करते तो संशोधनवादी. पक्षवाले म्हणत तं गद्दार म्हणून. इतिहासवाले पुरावा पाहून जुनी गोष्ट दुरुस्त करतेत, त्यायलेही म्हणतेत. अन् काही जण त्याच नावाखाली चक्क खोटं घुसवतेत."

बापा! एवढा मोठा शब्द, अन् मुळाशी एवढंच — पुन्हा पाहणं! पुन्हा पाहिलं म्हणून माणसानं माणूस तोडला?

१४ फेब्रुवारी
बुढ्याले विचारलं, "हिरालाल मालकाशी बोलल्यावर छाट कमी झाली होती ना? त्याच बिड्यायवर आपली लेकरं जगली ना?" त्यानं घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

१५ फेब्रुवारी
जेवता जेवता त्यानं घास खाली ठेवला. "हिरालालचं बरोबर होतं." मंग घास उचलला. तलावाची पार, अख्खा मातीचा बांध, चालत घरी आली असती तरी मी एवढी दचकली नसती. उष्ट्या हातानंच उठली, हिरालालच्या कानावर घालून आली.

१६ फेब्रुवारी, रविवार
हिरालालच्या पोराची जीप दारात उभी आहे. जीपमधून हिरालाल ओरडून राहिला — "ए संशोधनवाद्या! निघ बाहेर!"
ओ द्यायले धावली तं रक्षाले वेणी धरून मागं ओढली. मी मुद्दाम लिहीत बसली. खबरदार कोणी ओ दिली तं! हाक बुढ्याले आहे, ओ बुढ्यानंच द्यावी.