उजव्या कानातले खडे

३ जून

शेवटी दादाच्याच माशांची पेटी माझ्या टेबलावर! नदीत पकडलेले मासे. शोधायचं एकच — यांत दादाने आपल्या मत्स्यबीज केंद्रातून सोडलेले किती? एकही नसेल तर त्याची पिल्लं नदीत जगत नाहीत, असं धरून केंद्र बंद.

उत्तर माशाच्या कानातल्या खड्यात. नदीत जन्मलेल्याचा खडा दुधी असतो. हौदात वाढलेल्याचा पुष्कळदा काचेसारखा. चुना तोच, कणांची मांडणी तेवढी बिघडलेली. त्या कानाने मासा कमी ऐकतो.

दादाचा फोन. "काय निघतंय गं कानातून, मळ?" हसला आणि लगेच फोन ठेवला.

६ जून

डोळ्यांची वाट लागली. सगळे दुधी.

९ जून

आमच्याकडे डावाच खडा घासून तपासायचा. उजवा कुपीत राखीव. यंत्रावरचा सहकारी म्हणाला, उजवेही बघूया का. मी उखडलेच त्याच्यावर! दुसऱ्या कुणाचे मासे असते तर बघितले असते? भावाला झुकतं माप दिलं, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही.

१२ जून

अहवाल गेला. हौदातला एकही नाही. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी पाठ थोपटली — सख्खा भाऊ असून डगमगली नाहीस म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ जून

दादाला मीच सांगितलं. म्हणाला, "तू बघितलंस ना? मग नीटच बघितलं असशील."

भांडला असता तर बरं झालं असतं.

१९ जून

रात्री दोनदा उठून अहवाल वाचला. वहिनी म्हणते, दादाही रात्र रात्र जागा असतो.

२४ जून

बाईंनी राखीव कुप्यांचं कपाट मोकळं करायला सांगितलं. टाकण्याआधी एक कुपी उगाच उजेडात धरली. उजवा खडा — काच!

दुसरा दुधी. तिसरा काच. बिघाड एकाच कानात असू शकतो, हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं! सगळ्या कुप्या बघितल्या. चांगले मूठभर निघाले. दादाचे मासे, नदीत जगलेले, वाढलेले.

२४ जून, दुपारी

फोन वहिनीने उचलला. हौद कालच उपसले म्हणाली, पिल्लांसकट. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा. उठवू का?"

नको म्हणाले.